रुमाल टाकून धरलेली जागा

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला जा, बटाटेवड्याच्या रांगेत पुढेमागे उभ्या असलेल्या दहा जणांत सहा-सात तरी कॉम्प्युटरवाले निघतात. "तुम्ही कशात?" या प्रश्नाला कोणी डेटाबेस म्हणतं, कोणी क्लाउड म्हणतं, हल्ली बरेच जण एआय म्हणतात. मी "टेस्टिंगमध्ये" असं म्हटलं की समोरचा माणूस "अच्छा, अच्छा" करत चटणीकडे वळतो. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्यानं निवडलेल्या तांदळात खडे शोधणं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. फक्त आता हातानं खडे शोधायचे दिवस गेले. आम्ही खडे शोधणारे प्रोग्रॅम लिहितो, ते रात्री आपोआप चालतात आणि सकाळी हिरव्या-लाल खुणांची एक लांबलचक यादी समोर येते. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास.

मला लिहायचं आहे ते लाल खुणांच्या एका खास जातीबद्दल. प्रोग्रॅममध्ये काल काही बदललेलं नसतं, टेस्टमध्येही नसतं, तरी खूण लाल. तीच टेस्ट पाच मिनिटांनी पुन्हा चालवली की हिरवी. अशा टेस्टला इकडे 'फ्लेकी' म्हणतात. माझ्या आजीनं 'लहरी' म्हटलं असतं आणि पुढे दोन शब्द जास्त बोलली असती. या लहरीपणाची कारणं पुष्कळ असतात, पण आमच्या ऑफिसात सगळ्यांचं एकच नाव पडलं होतं: 'पोर्टची भानगड'. लाल खूण दिसली की माणूस कारण न वाचताच म्हणायचा, "पोर्टचं असेल, पुन्हा चालव."

जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी पोर्ट म्हणजे काय ते आधी सांगते. जाणकारांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालतील. नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता असतो. पण एकाच कॉम्प्युटरवर एका वेळी पन्नास प्रोग्रॅम बोलत असतात, तेव्हा आलेलं पत्र नेमकं कोणाचं? चाळीच्या पत्त्यापुढे जसा खोली नंबर लागतो, तसा इथे पोर्ट नंबर लागतो. या नंबराला सोळा बिटांची जागा ठेवलेली आहे, म्हणून शून्यापासून ६५,५३५ पर्यंतच नंबर होतात. त्यापुढे खोल्या नाहीत. एका खोलीत एकच बिऱ्हाड, हा मूळ नियम. दुसरा प्रोग्रॅम त्याच नंबरावर येऊन बसू लागला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याला सांगते, 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'. लिनक्सवर या निरोपाचा क्रमांक ९८, मॅकवर ४८, विंडोजवर १००४८. भाषा तीन, अर्थ एकच: उठा, इथे कोणीतरी बसलंय.

हे नंबर वाटायची गोष्टही मोठी मजेशीर आहे. मे १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या जॉन पोस्टेल या तरुणानं एक छोटंसं टिपण काढलं आणि सुचवलं, की ठराविक कामांचे नंबर वाटून द्यायला कोणीतरी एक झार नेमावा. आणि तो आपणच का असू नये, असंही हळूच प्रश्नचिन्ह घालून विचारलं. झाला तोच! १९९८ मध्ये त्याचं निधन होईपर्यंत त्या यादीवर त्याची देखरेख होती. जुलै १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युल्योनेन यानं आपल्या एसएसएच या नव्या प्रोग्रॅमसाठी नंबर मागितला. फाइल पाठवायच्या एफटीपीला २१ होता, टेलनेटला २३ होता, मधला २२ रिकामा दिसला, म्हणून त्यानं तोच मागितला. पोस्टेलच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स यांनी दुसऱ्याच दिवशी ईमेलनं तो देऊन टाकला. ना अर्ज, ना सही-शिक्का. आज जगभरचे सर्व्हर त्या २२ नंबरच्या दारानं उघडतात. आपल्याकडे रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला किती खेपा लागत, ते आठवून मला या गोष्टीचा अजून हेवा वाटतो.

असो. टेस्टमध्ये अडचण कुठे येते ते पाहू. टेस्ट काय करते? आमचा सर्व्हर चालू करते, त्याच्याशी चार शब्द बोलते, उत्तर बरोबर आलं का बघते आणि सर्व्हर बंद करते. सर्व्हर चालू करायचा तर त्याला कुठल्यातरी पोर्टवर बसवायला हवं. एका वेळी एकच टेस्ट चालत होती तोवर सगळ्यांनी ८०८० वापरला तरी बिघडत नव्हतं. पण मशीनं मोठी झाली, एका वेळी सोळा-सोळा टेस्ट चालायला लागल्या आणि ८०८० ची अवस्था दिवाळीच्या सुट्टीतल्या स्वारगेट स्टँडसारखी झाली.

स्वारगेट उगाच नाही आठवलं. एस.टी. लागली रे लागली की लोक खिडकीतून आत रुमाल टाकायचे. ज्याचा रुमाल त्याची जागा. रुमाल संपले की पिशवी, पिशवी संपली की धाकटा मुलगा. (आपल्या मंडळाच्या नाटकाला हायस्कूलच्या थिएटरात शाली आणि पर्स टाकून अख्खी रांग धरणारी मंडळी त्याच घराण्यातली. नावं सांगत नाही.) पोर्ट धरणं म्हणजे हाच रुमाल. आणि यातली मेख अशी, की रुमाल उचलला की हक्क संपला.

आता आमच्याकडच्या एका हुशार माणसानं काय केलं? त्यानं 'मोकळा पोर्ट शोधा' असं एक छोटं फंक्शन लिहिलं. पोर्ट शून्य मागितला तर ऑपरेटिंग सिस्टिम आपणहून एखादा मोकळा नंबर देते, ही चांगली सोय आहे. फंक्शन तो नंबर घ्यायचं, लिहून ठेवायचं, जागा सोडून द्यायचं आणि टेस्टला सांगायचं, "४१२०७ रिकामा आहे हं." मग टेस्ट सर्व्हरला ४१२०७ वर बसायला सांगायची. म्हणजे आपण बसमध्ये चढलो, बावीस नंबरच्या सीटवर रुमाल टाकला, जागा रिकामी असल्याची खात्री केली, रुमाल उचलून खिशात घातला, खाली उतरलो आणि आत्याला म्हटलं, "आत्या, बावीस नंबर रिकामा आहे, जाऊन बस." आत्या पायरी चढेपर्यंत तिथे कोणी बसणार नाही हे कशावरून? शंभरातून नव्व्याण्णव वेळा बसत नाही. पण रात्रीत सहाशेच्या वर टेस्ट चालल्या, की तो शंभरावा माणूस रोज भेटतो. हे फंक्शन मी आजवर कितीतरी ठिकाणी पाहिलंय. नाव दरवेळी वेगळं, खोड तीच.

आमच्याकडे टेस्ट रात्री अकराला सुरू होतात. तेव्हा पुण्यात सकाळचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. पुण्याला आमच्या कामाची नऊ जणांची एक टीम होती, दुसऱ्या कंपनीची, करारावर. सकाळी येऊन लाल-हिरवी यादी बघायची, लाल असेल ते पुन्हा चालवायचं, दुसऱ्यांदाही लाल आलं तर आम्हाला कळवायचं, अशी पद्धत. हे सकाळचं काम टीममधल्या सगळ्यांत नवीन मुलीकडे. मूळची कराडची, नोकरीला जेमतेम आठ महिने झालेले.

दोन वर्षांपूर्वीच्या एका कॉलवर आमच्या मॅनेजरनं एक तक्ता दाखवला. कुठल्या माणसानं किती टेस्ट पुन्हा चालवल्या, त्याचा. त्या मुलीचं नाव सगळ्यांत वर, आणि ते साहजिकच होतं, कारण ते बटण दाबायचं कामच तिला दिलेलं. पण साहेब म्हणाले, "हे सगळं पुण्याच्या वेळेतच कसं बिघडतं? इथे दिवसा तर काही होत नाही." पलीकडे शांतता. करार दोन महिन्यांनी संपणार होता, हे सगळ्यांना माहीत. तिच्या टीम लीडरनं "वुई विल लुक इन्टू इट" म्हटलं आणि विषय संपला, म्हणजे तिच्या डोक्यावर बसला.

मी कॉलवरच म्हटलं, की टेस्ट पुण्याच्या वेळेतच चालतात म्हणून त्या पुण्याच्या वेळेतच पडतात. पाऊस जूनमध्ये पडतो यात जूनचा काय दोष? साहेब हसले. तक्ता मात्र तसाच राहिला.

त्या रात्री मी तिला फोन लावला.

"अगं, टेस्ट पुन्हा चालवण्याआधी तू काय बघतेस?"

"मॅडम, खरं सांगू? आधी बघायचे. आता नाही बघत. सगळे म्हणतात पोर्टचंच असतं."

"आणि बघायचीस तेव्हा?"

जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिहून ठेवलंय मी. वहीत. पण कोणाला दाखवलं नाही, हसतील म्हणून."

वहीच्या पानांचे फोटो तिनं व्हॉट्सॲपवर पाठवले. शाळेतल्यासारखी आखलेली वही, तारीख, टेस्टचं नाव, मशीन, पोर्ट नंबर, पुन्हा चालवल्यावर काय झालं. एकसष्ट नोंदी! पंचवीस वर्षं या धंद्यात काढली, पण असली टिपणं मला फार थोड्या ठिकाणी मिळाली आहेत. आम्ही दोघींनी पुढचे चार शनिवार, तिची संध्याकाळ आणि माझी सकाळ, त्या एकसष्ट नोंदी निवडण्यात घालवले. त्यांचे तीन ढीग पडले.

पहिला ढीग चौतीसचा. यातले सगळे नंबर ४५,००० च्या पुढचे. फार पूर्वी कोणीतरी विचार केला होता, की ८०८० वर गर्दी होते ना, मग आपण दूर वर जाऊन बसू. तिकडे कोण येतंय? पण लिनक्समध्ये ३२,७६८ ते ६०,९९९ हा पट्टा ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच्या वापरासाठी ठेवते. आपला कुठलाही प्रोग्रॅम बाहेर कोणाशी बोलायला निघाला, डेटाबेसशी म्हणा, इंटरनेटशी म्हणा, की त्याला परतीच्या पत्त्यासाठी याच पट्ट्यातला एक नंबर तात्पुरता मिळतो. म्हणजे आपण एकांत म्हणून जिथे घर बांधलं ती खरी तर जत्रेची जागा निघाली. बाहेर जाणाऱ्या एखाद्या कनेक्शनला नेमका ४५,०१२ मिळाला, की त्या क्षणी ४५,०१२ वर बसू पाहणारी आमची टेस्ट लाल. विंडोजमध्ये हा पट्टा निराळा, ४९,१५२ पासून शेवटपर्यंत. आणि जुन्या विंडोजमध्ये तर १,०२५ ते ५,००० एवढाच होता. तेव्हा एका मशीनवर पाहिलेला शहाणपणा दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

या पट्ट्यामुळे कधीकधी फार गमतीदार प्रकार होतात. सर्व्हर चालू झाला का, हे बघायला टेस्ट त्याचं दार पुन्हा पुन्हा ठोठावत असते. सर्व्हर अजून उठलेला नाही, आणि नेमका याच पट्ट्यातला नंबर त्याला नेमलेला आहे. दार ठोठावणाऱ्यालाही दरवेळी परतीच्या पत्त्यासाठी एक नंबर मिळत असतो. लाखात एकदा त्याला तोच नंबर मिळतो, ज्याचं दार तो ठोठावतो आहे. मग टीसीपीच्या नियमाप्रमाणे त्याचं स्वतःशीच कनेक्शन जुळतं! टेस्ट खूश, सर्व्हर आला म्हणून. आणि खरा सर्व्हर उठून येतो तर त्याची जागा गेलेली. हे ऐकून ती मुलगी इतकी हसली, की पलीकडून तिच्या आईनं "काय झालं गं?" म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं.

दुसरा ढीग एकोणीसचा. यातल्या काही नोंदी त्या 'मोकळा पोर्ट शोधा'च्या, आत्याच्या सीटच्या. बाकीच्या होत्या सुतकाच्या. सुतक हा माझा शब्द. पुस्तकात याला 'टाइम वेट' म्हणतात. कनेक्शन संपलं तरी ज्या बाजूनं ते आधी तोडलं, त्या बाजूला त्याची नोंद लगेच पुसली जात नाही. वाटेत रेंगाळलेलं एखादं जुनं पाकीट उशिरा पोचलं आणि नव्या बिऱ्हाडानं ते आपलं समजून उघडलं, असं होऊ नये म्हणून थोडा काळ थांबायचं. १९८१ च्या मूळ नियमात हा काळ चार मिनिटांचा धरला होता. लिनक्समध्ये तो एक मिनिट आहे. या काळात सर्व्हर त्याच नंबरावर पुन्हा चालू करायला गेलं की उत्तर तेच, जागा अडलेली आहे. यावर उपाय जुनाच आहे. बसण्याआधी 'रीयूज ॲड्रेस' नावाची एक परवानगी मागायची, म्हणजे युनिक्स घराण्यातल्या मशीनवर सुतक चालू असतानाही बसता येतं. पण हीच परवानगी विंडोजवर मागितली तर तिचा अर्थ बदलतो. तिथे दुसरा प्रोग्रॅम जिवंत बसलेला असतानाही आपल्याला त्याच जागी बसता येतं, म्हणजे सरळ दुसऱ्याच्या मांडीवर! हे टाळायला विंडोजनं 'ही जागा फक्त माझी' अशी वेगळी सोय पुढे दिली. आमच्या टेस्ट दोन्हीकडे चालतात, म्हणून दोन्हीकडे वेगळं लिहावं लागलं.

राहिल्या आठ नोंदी. हा तिसरा ढीग सगळ्यांत लहान, आणि खरा खडा याच्यात होता.

आठही वेळा टेस्ट एकच: सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा. त्यांच्यापुढे मुलीनं बारीक अक्षरात एक गोष्ट लिहून ठेवली होती. बाकीच्या टेस्ट पुन्हा चालवल्या की त्याच मशीनवर हिरव्या होतात. या आठ त्याच मशीनवर पुन्हा लालच होतात, दुसऱ्या मशीनवर नेल्या की हिरव्या. दुसऱ्या मशीनवर हिरवी झाली की पद्धतीप्रमाणे प्रकरण संपत होतं, म्हणून आम्हाला ते कळवलंच जात नव्हतं. पण सुतक असतं तर मिनिटाभरात फिटायला हवं होतं. इथे एक-एक तास जागा सुटत नव्हती.

मी तिला म्हटलं, "आता यातली टेस्ट पडली की बटण दाबू नकोस. आधी त्या पोर्टवर कोण बसलंय ते विचार." लिनक्सवर त्याची साधी आज्ञा आहे, कोणत्या प्रोसेसनं कोणता पोर्ट धरला आहे त्याची यादी मिळते. मला खरोखर कळत नाही, की आम्ही सगळे वर्षानुवर्षं 'जागा अडलेली आहे' एवढंच वाचून परत का फिरतो. बसमध्ये सुद्धा आपण निदान विचारतो, हा रुमाल कोणाचा म्हणून.

चार दिवस सगळं हिरवं. पाचव्या दिवशी, इथे रात्रीचा एक वाजला असेल, तिचा मेसेज आला: "मॅडम, सर्व्हर नाही बसलेला. पीडीएफवाला बसलाय."

हा पीडीएफवाला कोण? आमचा सर्व्हर हॉस्पिटलांच्या लॅबमध्ये चालतो. रक्त तपासणारी यंत्रं आपले निकाल त्याला पाठवतात, तो ते डॉक्टरांच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचवतो, आणि रिपोर्टची पीडीएफ बनवायला अधूनमधून एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम जन्माला घालतो. आता युनिक्समध्ये एका प्रोसेसनं दुसरीला जन्म दिला, की बापानं उघडलेल्या फाइली, कनेक्शनं, सगळं मुलाला वारशानं मिळतं. नको असेल तर तसं आधी स्पष्ट सांगावं लागतं. सर्व्हरचा मूळ भाग १९९० च्या दशकात सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, त्यात हे सांगितलेलं नव्हतं. म्हणजे बाप गेला, पण सातबारावर मुलाचं नाव आपोआप चढलेलं. मुलगा बिचारा आपली पीडीएफ बनवतोय, एखाद्या मोठ्या रिपोर्टात अडकून बसलाय, आणि त्याला पत्ताही नाही की २५७५ नंबरची जागा त्याच्या नावावर आहे. तो जिवंत असेपर्यंत नवा सर्व्हर तिथे बसू शकत नाही. 'रीयूज ॲड्रेस'चाही इथे उपयोग नाही, कारण जागा सुतकात नसून वापरात आहे.

आणि याहून वाईट पुढे आहे. बाहेरून यंत्र त्या नंबरावर बोलायला आलं, तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला "या, बसा" म्हणून रांगेत उभं करते, कारण तिच्या लेखी जागेला मालक आहे. मालक मात्र दार उघडायला कधीच येत नाही. यंत्राला वाटतं, आपण जोडले गेलो आहोत. निकाल जात नाहीत ते नाहीतच.

हे वर्णन वाचल्यावर मी ग्राहकांच्या तक्रारींची जुनी यादी उघडली. एका हॉस्पिटलच्या लॅबनं त्या वर्षात तीनदा कळवलं होतं: सर्व्हर बंद करून चालू केला की यंत्रं 'कनेक्टेड' दाखवतात पण निकाल पोचत नाहीत, अख्खं मशीन रीबूट करावं लागतं. तोपर्यंत लॅबची माणसं निकाल छापून, कागद हातात घेऊन वॉर्डात पळतात. तिन्ही तक्रारींवर आमच्याकडून एकच शेरा होता: इथे तसं घडत नाही. घडत होतं. एकाच वर्षात वहीत आठ वेळा नोंदलं गेलं होतं, आणि दर वेळी त्याला 'पोर्टची भानगड' म्हणून पुन्हा चालवून हिरवं केलं गेलं होतं.

दुरुस्ती म्हणाल तर एका शब्दाची. सॉकेट उघडतानाच सांगायचं, की हे मुलांना द्यायचं नाही. लिनक्समध्ये ही सोय २००८ पासून आहे. पायथॉननं २०१४ मध्ये ३.४ या आवृत्तीपासून उघडलेलं काहीच आपणहून मुलांना द्यायचं नाही असं ठरवलं. गो भाषाही तसंच करते. आमचा प्रोग्रॅम म्हातारा, त्याला मुद्दाम सांगावं लागलं. दुरुस्ती त्या मुलीच्या नावानं नोंदवली. तसा मी आग्रहच धरला.

बाकीच्या दोन ढिगांचं काम मात्र तीन आठवडे पुरलं. कायमचे नंबर काढून टाकले. 'मोकळा पोर्ट शोधा' काढून टाकलं. आता सर्व्हर स्वतःच पोर्ट शून्य मागतो, मिळालेल्या जागी पक्का बसतो आणि मग आपला नंबर एका फाइलीत लिहितो. टेस्ट ती फाइल वाचते. आत्या स्वतःच बसमध्ये चढते, बसते आणि खिडकीतून ओरडून सांगते, "मी इथे आहे गं!" मध्ये कोणी घुसायला फटच नाही. काही जुने प्रोग्रॅम शून्य घ्यायला तयार नव्हते. तिथे टेस्टनं आधी स्वतः जागा धरायची आणि धरलेलीच जागा सर्व्हरच्या हातात द्यायची, रुमाल न उचलता. वारशाची जी रीत आम्हाला नडली होती, तीच इथे मुद्दाम वापरली. आणखी काही टेस्ट कंटेनरमध्ये हलवल्या. प्रत्येक कंटेनरला स्वतःच्या वेगळ्या ६५,५३६ खोल्या मिळतात, तिथे सगळ्यांनी ८०८० वापरला तरी कोणाचं कोणाशी भांडण नाही.

पुन्हा चालवण्याच्या बटणावरून मात्र वाद झाला. एकाचं म्हणणं, टेस्ट पडली की ती आपोआप तीनदा चालवावी, एकदा जरी हिरवी झाली तरी हिरवी समजावी. माझा याला साफ विरोध. जागा मिळाली नाही म्हणून फक्त जागा पुन्हा मागायला माझी हरकत नाही. दोनदा मागा, तीनदा मागा, प्रत्येक वेळेची नोंद करा आणि कोण बसलं होतं तेही लिहा. पण अख्खी टेस्ट पुन्हा चालवून निकाल गोड करून घ्यायचा असेल, तर मग टेस्ट लिहायचीच कशाला? दारावरची बेल पाच वेळा वाजवून एकदा उघडली तर घरात माणसं आहेत एवढंच कळतं, चार वेळा का नाही उघडली ते कळत नाही. शेवटी माझं म्हणणं अर्धं मान्य झालं. लाल खुणेच्या आता दोन जाती आहेत: 'टेस्ट पडली' आणि 'टेस्ट सुरूच झाली नाही'. दुसऱ्या जातीपुढे त्या पोर्टवर बसलेल्या प्रोसेसचं नाव आपोआप छापून येतं.

त्या छापील नावांमधून पहिल्याच आठवड्यात आणखी एक चोर सापडला. आमच्या दोन प्रोग्रॅमरांच्या नव्या मॅकवर ५००० नंबरच्या टेस्ट कायम पडायच्या. २०२१ च्या मॉन्टेरेपासून मॅकमधला एअरप्ले रिसीव्हर ५००० वर बसून असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो बंद केला, झालं. विंडोजवर तर त्याहून मजा. तिथे हायपर-व्ही कधीकधी पोर्टांचे गठ्ठेच्या गठ्ठे स्वतःसाठी राखून ठेवतं. यादीत कोणीच बसलेलं दिसत नाही, तरी १००१३ नंबरचा निरोप येतो, परवानगी नाही म्हणून. रिझर्व्हेशनच्या डब्यासारखं, सीट रिकामी दिसते, पण टीसी बसू देत नाही.

माणसानुसार पुन्हा चालवल्याचा तक्ता त्यानंतरच्या कॉलवर दिसला नाही. कोणी त्याबद्दल काही बोललं नाही, साहेबही नाहीत. करार वाढला, पण एकाच वर्षासाठी, आणि नवापैकी सात जणांचा. ती मुलगी त्या सातांत होती. जे दोघे गेले त्यांचा या भानगडीशी काहीएक संबंध नव्हता. पुढच्या वर्षी ती स्वतःच जास्त पगारावर दुसरीकडे गेली. जाताना तिनं टीमला ती वही दिली का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "ताई, वही माझ्याकडेच आहे. त्यांना एक्सेल करून दिलं." मॅडमची ताई कधी झाले ते माझ्या लक्षात आलं नाही.

कायम नंबराच्या दोनच टेस्ट आता उरल्या आहेत. लॅबच्या यंत्राची नक्कल करणारा एक प्रोग्रॅम बाहेरून विकत घेतलेला आहे, त्याला २५७५ शिवाय दुसरा नंबर समजत नाही, आणि तो एका जुन्या विंडोज मशीनवरच चालतो. त्या दोघींना पहाटे चारला, बाकी सगळं आटोपल्यावर, एकीमागून एक चालवतो. ते मशीन माझ्या टेबलाखाली असतं. त्यावर मी मराठीत आणि इंग्रजीत चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे, की या मशीनवर दुसरं काही लावू नये.